तड्याची साक्ष कोण देणार?

राजूरमध्ये घराच्या भिंतीला तडा गेला की त्याचं कारण सांगणाऱ्यांची वाण पडत नाही. घरमालक म्हणतो, ब्लास्टिंगने घर हादरलं. खाणीची बाजू म्हणते, पायाच उथळ होता. शेजारी काळ्या मातीकडे बोट दाखवतो, आणि ज्या मिस्त्रीने घर बांधलं तो सिमेंटला बोल लावतो. राजूरच्या जमिनीवर यातलं प्रत्येक उत्तर खरं असू शकतं, आणि प्रकरण कोर्टात गेलं की तिथेच गाडी अडते. न्यायाधीश कायदा जाणतात. भिंत वाचणं हे त्यांचं काम नव्हे. ते काम करणाऱ्यासाठी कायद्याने तज्ज्ञ साक्षीदाराची जागा राखून ठेवली आहे. वणी-राजूर भागात घरांचे नकाशे काढणारे, मूल्यांकन करणारे, रस्ते-नाल्यांची बिलं तपासणारे सिव्हिल इंजिनिअर आहेत. नेहमीची कामं सांभाळून त्यांनी ही जागा का घ्यावी आणि घेतली तर काय पत्करावं लागतं, त्याचा हा विचार.

आधी जमीन पाहू. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातलं हे राजूर वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यावर वसलेलं आहे. लोक त्याला राजूर कॉलरी म्हणूनच ओळखतात. बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचं 1973 साली राष्ट्रीयीकरण झालं आणि या पट्ट्यातलं खाणकाम पुढे नागपूरला मुख्यालय असलेल्या वेकोलिकडे, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आलं. राजूरची खाण भूमिगत. तालुक्यात उकणी, निलजई, घोन्सा अशा खुल्या खाणीही आहेत. कोळशाशिवाय इथे चुनखडक आहे आणि त्याच्या आधाराने राजूरच्या चुनाभट्ट्या उभ्या राहिल्या. या सगळ्याच्या वर पसरली आहे काळी, कापसाची माती. भिंतीला छळणारी इतकी कारणं एका गावात सहसा एकत्र सापडत नाहीत.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. उथळ पायाचं घर या हालचालीबरोबर वर उचललं जातं आणि खाली बसतं. सगळीकडे सारखं नाही. घराच्या कडेची माती लवकर वाळते, मधली ओल धरून राहते. म्हणून तडा बहुधा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघतो. त्याची खरी ओळख मात्र ऋतूतून पटते. मे महिन्यात तो रुंद होतो, सप्टेंबरात बराचसा मिटतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल विकसित केले, त्यांची खोली साधारण साडेतीन मीटर धरली जाते, कारण तेवढ्या खोलीवर मातीची ऋतूनुसार होणारी हालचाल जवळपास थांबते. गावातल्या घराचा पाया त्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचित जातो.

माती किती फुगणारी आहे हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आयएस 2720 या मानकाच्या 40व्या भागात कृती दिली आहे: बारीक चाळलेली 10 ग्रॅम कोरडी माती एका मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या मोजपात्रात रॉकेलमध्ये टाकायची आणि चोवीस तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दोन्हींच्या घनफळातल्या फरकाला रॉकेलमधल्या घनफळाने भागलं आणि टक्केवारी काढली की फुगण्याचा निर्देशांक हाती येतो. मला ही चाचणी फार मोलाची वाटते, कारण ती कोर्टात एका वाक्यात समजावता येते आणि विरुद्ध बाजूच्या इंजिनिअरलाही पुन्हा करून पाहता येते.

जमीन खचण्याची लक्षणं निराळी. खालून कोळसा काढलेल्या पोकळीचं छत बसलं की वरच्या जमिनीत उथळ वाटीसारखा खोलगट भाग तयार होतो. त्यात घर एका बाजूला कलतं, फरशीला उतार येतो, दारं चौकटीत अडकू लागतात. भेग घराच्या भिंतीपाशी थांबत नाही. अंगणातून, रस्त्यातून, शेजारच्या वावरातूनही जाते. पावसाळ्यात ती मिटत नाही. पण खचण्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी इंजिनिअरने खाणीचा नकाशा पाहायलाच हवा: घराखाली काम झालं होतं का, किती खोलीवर, आधाराचे कोळशाचे खांब ठेवले की काढले, पोकळी वाळूने भरली का. हा नकाशा घरमालकाकडे नसतो. तो कोर्टामार्फत मागवावा लागतो आणि तो मागवा हे वकिलाला सांगण्याचं काम तज्ज्ञाचं.

ब्लास्टिंगबद्दल बोलताना सगळ्यात जास्त आवाज चढतो, आणि नेमकी तिथेच मोजमापाची शिस्त हवी. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या 1997 सालच्या परिपत्रकाने स्फोटाच्या कंपनांची मर्यादा ठरवून दिली आहे. खाणीच्या मालकीची नसलेली राहती घरं, मग ती कच्ची असोत की विटा-सिमेंटची, यांच्यासाठी जमिनीच्या कंपनाचा वेग 8 हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेला सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झला 10 आणि 25 हर्ट्झच्या वर 15 मिलिमीटर यापुढे जाऊ नये. ऐतिहासिक वास्तूंसाठी हेच आकडे 2, 5 आणि 10 असे आहेत. कमी वारंवारतेला मर्यादा कडक का? कारण बैठ्या घरांची स्वतःची झुलण्याची वारंवारता त्या टप्प्याजवळ असते. कंपन तिच्याशी जुळलं की घर जमिनीपेक्षा जास्त हलतं. म्हणूनच नुसतं 'घर हादरलं' हे विधान कोर्टात टिकत नाही. घराजवळ सिस्मोग्राफ लावून वेग आणि वारंवारता दोन्ही नोंदवावी लागतात. तारखेनिशी ब्लास्टिंगच्या नोंदी, एका विलंबाला, म्हणजे एकाच क्षणी उडणाऱ्या सुरुंगांत, वापरलेली जास्तीत जास्त स्फोटकं आणि घराचं अंतर हेही मिळवावं लागतं. दुसऱ्या बाजूलाही हे लागू आहे. कंपन मर्यादेत होतं एवढं दाखवून खाणीची बाजू सुटली असं मानायचं कारण नाही. फुगणाऱ्या मातीने आधीच ताणून ठेवलेल्या भिंतीला तेवढंच कंपन पुरेसं झालं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो इंजिनिअरनेच उघडपणे मांडायला हवा.

आणि काही तडे कुणाच्याच दाव्यात न बसणारे असतात. स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात तिथली आडवी भेग बहुधा उन्हाने तापणाऱ्या स्लॅबच्या फैलावण्या-आकसण्यातून येते. गिलाव्यावर लहान, गोल खळगे पडून कण उडत असतील तर चुना नीट भिजवला नव्हता असं समजावं. न भिजलेले कण महिन्यांनी ओल पकडतात, फुगतात आणि गिलावा फोडतात. भट्ट्यांच्या गावात हे पहिल्यांदा आठवायला हवं. भारतीय मानक ब्यूरोची 1984 सालची एसपी 25 ही पुस्तिका इमारतींतल्या तड्यांवरच आहे. तिच्यात 1 मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचा तडा बारीक, 1 ते 2 मध्यम आणि 2 च्या वर रुंद अशी प्रतवारी आहे. तज्ज्ञाच्या अहवालात 'मोठा तडा' असं लिहिलेलं असेल तर तो अहवाल अर्धा वायाच गेला.

आता कोर्टाकडे वळू. इतरांच्या साक्षीचा नियम साधा आहे: जे पाहिलं, ऐकलं तेवढंच सांगायचं, मत द्यायचं नाही. तज्ज्ञ हा या नियमाला अपवाद. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यातलं कलम 45 म्हणजे तोच अपवाद होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम 39 मध्ये आला आणि परदेशी कायदा, विज्ञान, कला यांच्या जोडीला 'अन्य कोणतंही क्षेत्र' हे शब्दही आले. बांधकामाच्या जाणकाराला विज्ञानात बसवायचं की कलेत, हा घोळ त्यामुळे उरला नाही.

या अपवादाच्या मुळाशी एक इंजिनिअरच आहे, आणि त्याचा चुन्याशीही जवळचा संबंध आहे. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर वेल्स नावाचं बंदर गाळाने भरत चाललं होतं. एका जमीनदाराने बांधलेल्या बांधामुळे हे झालं, म्हणून बांध पाडावा, असा बंदराच्या विश्वस्तांचा आग्रह होता. जमीनदाराच्या बाजूने जॉन स्मीटन उभा राहिला आणि त्याने गाळाचा बांधाशी संबंध नाही असं मत दिलं. हे मत आहे, वस्तुस्थिती नव्हे, म्हणून ते ऐकू नये अशी हरकत निघाली. 1782 साली न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ती फेटाळली: बंदर कशाने भरतं हा शास्त्राचा प्रश्न आहे आणि त्यावर त्या विषयात आयुष्य घालवलेल्या माणसाचं मत ऐकलंच पाहिजे. फोक्स विरुद्ध चॅड या नावाने हा निवाडा आजही शिकवला जातो. याच स्मीटनने एडिस्टनचं दीपगृह बांधताना, चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडकाचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो हे शोधून काढलं होतं. ते दीपगृह 1759 साली उजळलं.

पुढे भारताचा पुरावा कायदा लिहिला गेला तेव्हा वेल्ससारखंच उदाहरण त्यात आलं. तज्ज्ञाच्या मताला बळ देणाऱ्या किंवा त्याला छेद देणाऱ्या गोष्टीही पुराव्यात येतात असं सांगणारं कलम 46 होतं, आता ते कलम 40 आहे. त्यातलं उदाहरण असं: समुद्राच्या भिंतीमुळे बंदर अडलं का, हा प्रश्न असेल, तर जिथे अशी भिंत नाही अशी तशीच दुसरी बंदरंही त्याच सुमारास अडू लागली होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राजूरच्या इंजिनिअरसाठी यात तयार पद्धतच आहे. एका घराच्या तपासणीवर थांबू नका. खाणीपासून दूर, पण त्याच काळ्या मातीवर, तशाच पायावर, त्याच सुमारास बांधलेली काही घरं शोधा आणि त्यांच्या भिंती पाहा. तिथे तसेच तडे असतील तर ब्लास्टिंगचा दावा दुबळा होतो. नसतील तर बळकट. हे तुलनेचं काम फार थोडे लोक करतात, आणि माझ्या मते ते केल्याशिवाय अशा दाव्यात मत देऊच नये.

पदवी असली म्हणजे माणूस कोर्टाच्या लेखी तज्ज्ञ झाला असं नाही. हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जयलाल या 1999 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे सफरचंदावरच्या खवल्या रोगाच्या नुकसानीचा मामला होता. बागांचं उत्पन्न किती होतं हे सांगायला जिल्ह्याचा फलोत्पादन अधिकारी आला. न्यायालयाने विचारलं ते एवढंच, की बागेच्या उत्पादनक्षमतेचा अंदाज बांधण्याचा खास अभ्यास याने केला आहे का? तो दिसला नाही, आणि त्याचं मत तज्ज्ञाचं म्हणून टिकलं नाही. त्याच निकालात तज्ज्ञाचं कर्तव्यही सांगितलं आहे: न्यायाधीशांना स्वतः निष्कर्ष तपासता यावा म्हणून लागणारे शास्त्रीय निकष त्यांच्या हाती द्यायचे. निष्कर्ष शेवटी न्यायाधीशांचाच. म्हणून बिल्डिंगचे नकाशे मंजूर करून घेण्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाने ब्लास्टिंगच्या कंपनांवर मत देऊ नये. त्याने तड्यांचं मोजमाप, बांधकामाचा दर्जा, दुरुस्तीचा खर्च एवढंच बोलावं, आणि कंपनांसाठी त्या विषयातला माणूस बोलवा असं सांगावं. धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेचं नागपुरात केंद्र आहे. स्फोटांच्या कंपनांचा अभ्यास हे त्या संस्थेच्या कामांपैकी एक. आपली हद्द सांगितल्याने साक्षीदार लहान होत नाही. उलट, हद्दीतलं त्याचं बोलणं जास्त मानलं जातं.

या कामात शिरण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. पक्षकार स्वतः बोलावतो, लवादाचा वाद असेल तर लवाद नेमतो, ग्राहक आयोगात बिल्डरविरुद्धच्या तक्रारीत अहवाल लागतो. नवख्याने कोर्ट कमिशनर म्हणून सुरुवात करावी, हे माझं ठाम मत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 मधल्या नियम 9 खाली कोर्ट जागेच्या पाहणीसाठी कमिशनर नेमू शकतं. 1976 सालच्या दुरुस्तीने आलेला नियम 10अ खास शास्त्रीय तपासणीसाठी आहे. दोन्ही पक्षांना जागेवर हजर राहता येतं, खर्च आधी कोर्टात भरला जातो आणि अहवाल थेट पुराव्याचा भाग होतो. पैसे कोर्टातून येतात, त्यामुळे कुणाच्या बाजूचा हा शिक्का बसत नाही. पक्षकाराने नेमलेल्या तज्ज्ञाला तो शिक्का पुसण्यासाठी बरंच झगडावं लागतं.

अहवालात सगळ्यात आधी काय पाहिलं ते, मग काय मोजलं ते, मग त्यावरून काय वाटतं ते, असा क्रम ठेवावा आणि या तिघांची सरमिसळ होऊ देऊ नये. मताच्या आधाराचाही पुराव्यात विचार होतो, असं साक्ष्य अधिनियमाचं कलम 45 सांगतं. तेव्हा कोणती चाचणी, कोणत्या मानकानुसार, कोणत्या तारखेला केली हे लिहावंच लागतं. तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून, तारीख टाकून ठेवायची, तडा हलला की ती फुटते. तडामापी बसवली तर हालचालीचा आकडाही मिळतो. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा या नोंदी चालल्या पाहिजेत. वकील घाई करतील. फक्त एका भेटीवरून मत द्यायचं असेल तर ते एका भेटीवरून दिलं आहे, हे अहवालात स्वच्छ लिहावं. फोटो मोबाइलवर काढले असतील तर त्याच अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. नाहीतर महिन्यांचं काम एका हरकतीत अडकतं.

एकच कारण शोधण्याचा हट्टही सोडावा. राजूरच्या घरात माती, कंपन आणि हलकं बांधकाम या तिन्हींचा हात असू शकतो. तेव्हा कोणत्या तड्यात कशाचा वाटा किती, आणि तो अंदाज किती खात्रीचा, हे सांगणारा अहवाल कोर्टाला खरा उपयोगी. 'पूर्णपणे ब्लास्टिंगमुळेच' असं लिहिणाऱ्याची उलटतपासणी सोपी असते. विरुद्ध वकील एकच प्रश्न विचारेल: साहेब, पायाची खोली किती होती? आणि खड्डा खणून पाहिलाच नसेल तर पुढचं सगळं ढासळेल. उलटतपासणीत माहीत नसेल ते माहीत नाही म्हणावं, आपल्या अहवालातली कच्ची बाजू विचारल्यावर लगेच मान्य करावी आणि वकिलाशी वाद न घालता न्यायाधीशांकडे पाहून उत्तर द्यावं.

पैशाची गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. घरमालक गरीब असतो, आणि 'दावा जिंकलो तर भरपाईतला हिस्सा देतो' असा प्रस्ताव मनापासून पुढे करतो. तो कधीही स्वीकारू नये. निकालावर ज्याची फी ठरते त्याचं मत निकालाकडे झुकणारच, आणि उलटतपासणीत हे बाहेर आलं की घरमालकाचाच दावा बुडतो. तपासणीचे दिवस, चाचण्यांचा खर्च, अहवाल आणि कोर्टातली हजेरी यांची फी आधी लेखी ठरवावी. तज्ज्ञाला साक्षीसाठी आणि त्यासाठी केलेल्या तज्ज्ञ कामासाठी वाजवी मोबदला द्यावा अशी तरतूद दिवाणी संहितेच्या आदेश 16, नियम 2 मध्ये आहेच. सरकारी नोकरीत असलेल्या अभियंत्याने खात्याच्या परवानगीशिवाय हे काम घेऊ नये.

गावातली दुसरी अडचण नात्यागोत्याची आणि कामाच्या धाग्यांची. खाणीच्या कंत्राटदाराची बिलं तपासणाऱ्या इंजिनिअरने त्याच खाणीच्या दाव्यात साक्ष देऊ नये. घरमालकाच्या चुलतभावानेही देऊ नये. असा संबंध असेल तर पहिल्याच दिवशी सांगून बाजूला व्हावं. आणि मत हे मतच, त्यात खोटं ते काय, असं कुणी समजू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम 227 नुसार स्वतःला जे पटत नाही ते पटतं असं शपथेवर सांगणं हीसुद्धा खोटी साक्ष आहे, आणि कलम 229 खाली न्यायालयीन कामकाजातल्या खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

एवढं सगळं असूनही हे काम करायला हवं. वणीपासून यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब आहे, नागपूरही जवळ नाही. तिथून येणारा तज्ज्ञ एकदा येतो, पाहतो, जातो. मे महिन्यात रुंद झालेला आणि सप्टेंबरात मिटलेला तडा त्याला दिसत नाही. गावात राहणाऱ्या इंजिनिअरला तो दिसतो. वणी, मारेगाव, झरी या तालुक्यांतल्या जाणत्या बांधकाम अभियंत्यांनी आपली पदवी, अनुभव आणि आपण कोणत्या विषयावर बोलू शकतो व कोणत्यावर नाही, हे लिहून वणीच्या वकील संघाकडे द्यावं. आणि खाणीजवळच्या घरमालकांनी, आज भांडण नसलं तरी, येत्या पावसाळ्याआधी आणि नंतर घराच्या प्रत्येक भिंतीची पाहणी करून तारखेनिशी नोंद आपल्या इंजिनिअरकडून घेऊन ठेवावी. पुढे दावा झालाच, तर नुकसान होण्याआधी घर कसं होतं याचा हाच पुरावा लागतो.